राज्याची शीव पवित्र आहे काय?

देशाच्या सरहद्दीविषयीं बोलणें निघालें म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, सरहद्द ही देवानें आंखिलेली रेघ आहे. तिच्या आंतील वीतभर जमीनही दुसऱ्यास देणें हा देशद्रोह होय. दुसरा म्हणतो, ख्रिस्ती मनुष्याचें राष्ट्र स्वर्गीं आहे. त्यास या पृथ्वीवरील कुंपणांशीं काय करावयाचें? हे दोघेही बंधु प्रामाणिक असतात व दोघेही शास्त्राचा आधार दाखवितात. तथापि आम्हांस असें वाटतें कीं, शिवेवर राहणाऱ्या मनुष्याकडे या दोघांनींही नीट पाहिलेलें नाहीं. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचा विचार घडलेल्या एका हकीकतीच्या आधारें करणार आहों.

शीव म्हणजे काय हें आमच्या वाचकांस शिकवावें लागत नाहीं. शेताचा बांध, दोन गांवांमधील दगड, त्यावरून होणारे तंटे हें सर्व त्यांच्या रोजच्या पाहण्यांतलें आहे. जुन्या गांवगाड्यांत दोन गांवांचा शिवेवरून वाद पडला म्हणजे महाराची साक्ष मोठी मानीत. कारण शीव कोठून कोठें जाते हें ज्ञान त्याच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे येई. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या पूर्वजांनीं हें काम केलें आहे. ज्याच्या शब्दावर गांवची हद्द ठरे त्याचें स्वतःचें घर मात्र गांवकुसाबाहेर असे. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडेल.

आतां राज्याची गोष्ट पाहूं. राज्य कशास म्हणावें याविषयीं १९३३ सालीं मॉंटेव्हिडिओ शहरीं अमेरिका खंडांतील राष्ट्रांनीं एक करार केला. त्यांत राज्याचीं चार लक्षणें सांगितलीं आहेत: कायम वस्ती करून राहणारे लोक, ठरलेली भूमि, सरकार, आणि इतर राज्यांशीं व्यवहार करण्याची पात्रता. या यादींत लोकांचें नांव भूमीच्या अगोदर आलें आहे. तें मुद्दाम तसें ठेविलें कीं सहज, हें आम्ही सांगत नाहीं. पण तो क्रम योग्य आहे.

भूमि अशी रेघेनें तोडलेली असावी हा विचार फार जुना नव्हे. पूर्वीं राजाची सत्ता दिव्याच्या उजेडाप्रमाणें मध्यें दाट व कडेस विरळ असे. एकाच गांवावर दोघांचा हक्क चाले; मोगलांच्या मुलुखांतून मराठे चौथाई घेत, आणि अशा दुहेरी कारभारास आपल्याकडे दुअंमल हें नांवच पडलें होतें. रयतेस तें सुखाचें होतें असें नाहीं, पण आपण कोणत्या बाजूचे हें सांगण्यासाठीं तिला कागद दाखवावा लागत नसे.

उत्तर बंगालांत कोचबिहार म्हणून एक संस्थान होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याच्या राजांच्या व मोगलांच्या लढाया होऊन तह झाला. तहाच्या वेळीं ज्याच्या माणसांच्या हातीं जी जमीन होती ती त्याच्याकडे राहिली. म्हणून राजाचे कांहीं तुकडे मोगलांच्या रंगपूर प्रांतांत आणि मोगलांचे कांहीं तुकडे राजाच्या प्रदेशांत शिल्लक उरले. त्या मुलुखांत अशी दंतकथा सांगतात कीं, राजे बुद्धिबळ खेळतांना गांवें पणास लावीत आणि त्यांतून हे तुकडे झाले. ती ऐकावयास गोड आहे इतकेंच. या तुकड्यांस तिकडे छीटमहाल म्हणतात. दोनशें वर्षें त्यांपासून कोणाची फारशी अडचण झाली नाहीं.

अडचण झाली ती रेघ आल्यावर. १९४७ च्या जुलैच्या ८ तारखेस सर सिरिल रॅडक्लिफ नांवाचे इंग्रज कायदेपंडित हिंदुस्थानांत आले. त्यापूर्वीं त्यांनीं हा देश पाहिला नव्हता. सुमारें पांच आठवड्यांत त्यांनीं पंजाब व बंगाल यांची वांटणी केली, आणि त्यांचा निर्णय १७ आगस्ट रोजीं, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, प्रसिद्ध झाला. रंगपूर पाकिस्तानांत गेलें. कोचबिहार १९४९ सालीं भारतांत सामील झालें व १९५० च्या १ जानेवारीस पश्चिम बंगालचा जिल्हा बनलें. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानाचा बांगला देश झाला. राजाच्या व मोगलांच्या शेतांचे ते जुने तुकडे आतां दोन स्वतंत्र राज्यांचे प्रदेश ठरले: बांगला देशाच्या पोटांत भारताचे १११, भारताच्या पोटांत बांगला देशाचे ५१. कांहीं तुकड्यांच्या आंत पुन्हां दुसऱ्याचे तुकडे होते. दहाला खागराबाडी म्हणून एक जागा होती. ती बांगला देशाच्या आंत असलेल्या भारताच्या आंत असलेल्या बांगला देशाच्या आंत असलेला भारत होती. तिचा विस्तार दोन एकरांहून कमी, आणि तींत पीक तागाचें.

नकाशावर हें पाहून हंसूं येतें. तेथें राहणाऱ्यास येत नसे. छीटमहालांतील मनुष्य कागदोपत्रीं एका देशाचा, पण त्याच्या चारी बाजूंस दुसरा देश. आपल्या देशांत जावयाचें तर पासपोर्ट व व्हिसा पाहिजे. पासपोर्ट देणारी कचेरी आपल्या देशांत, आणि तेथें पोंचण्यास आधीं हद्द चोरून ओलांडली पाहिजे. बहुतेक वस्त्यांत शाळा नाहीं, दवाखाना नाहीं, वीज नाहीं. चोरी झाली तर फिर्याद घेण्यास पोलीस नाहीं. मतदारांच्या यादींत नांव नाहीं. सभोंवारच्या देशांतील शाळेंत मुलास घालावयाचें तर बापाच्या जागीं बाहेरच्या कोणा ओळखीच्या मनुष्याचें नांव लावीत. बाळंतपणासाठीं दवाखान्यांत जाणाऱ्या स्त्रियेस नवऱ्याचें नांव खोटें सांगावें लागे.

येथें आमचा एखादा उपदेशक बंधु विचारील, हें खोटें बोलणें पाप नव्हे काय? असत्यास आम्ही सत्य म्हणणार नाहीं. आपल्या जिवंत बापाचें नांव शाळेच्या पटावर घेतां येऊं नये ही त्या मुलाच्या मनास लागलेली जखम आहे, आणि तें मूल मोठें झाल्यावरही ती भरून येत नसेल. परंतु मिसर देशांत इब्री सुइणींनीं राजास खरें उत्तर दिलें नाहीं व देवानें त्यांचें कल्याण केलें, हेंही निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत लिहिलें आहे. ज्या दारांतून खरें नांव सांगून आंत जातां येत नाहीं तें दार ज्यांनीं घातलें व उघडलें नाहीं, त्या दोन्ही राज्यांकडे आम्ही प्रथम बोट दाखवूं. प्रसूतीच्या वेदना सोशीत दाराशीं उभ्या राहिलेल्या स्त्रियेकडे मागाहून.

आणि तें दार लवकर उघडलें नाहीं. १९५८ सालीं नेहरू व पाकिस्तानचे प्रधान नून यांनीं तुकड्यांची अदलाबदल ठरविली. देशाची भूमि दुसऱ्या राज्यास द्यावयाची तर राज्यघटनेंतच दुरुस्ती केली पाहिजे, असा अभिप्राय भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं दिला. पुढें १९७४ च्या मे महिन्यांत इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनीं पुन्हां करार केला. त्यासही एकेचाळीस वर्षें वाट पाहावी लागली. विलंबाचीं कारणें पुष्कळ होतीं. त्यांतील एक असें कीं, भारताकडून जाणारी जमीन सुमारें १७,१६० एकर व येणारी सुमारें ७,११० एकर. दहा हजार एकर अधिक कां द्यावी, असें विचारणारे लोक होते. शेवटीं घटनेची शंभरावी दुरुस्ती होऊन २०१५ च्या ३१ जुलैच्या मध्यरात्रीं ही अदलाबदल झाली.

ही अधिक जमीन देणें पाप झालें काय? कोणी चटकन् अब्राहामाचें उदाहरण देईल. त्यानें लोटास आधीं निवड करूं दिली व उरलेली बाजू आपण घेतली. हें उदाहरण येथें तंतोतंत लागत नाहीं. अब्राहामानें सोडला तो स्वतःचा हक्क. सरकार जें सोडतें तें स्वतःचें नसतें. त्यावर कोणाची तरी चूल पेटत असते. उलट नाबोथ राजालाही आपला मळा देईना, आणि शास्त्रांत दोष नाबोथाच्या पदरीं नाहीं, राजाच्या पदरीं आहे. म्हणून एकरांचा हिशेब बाजूस ठेवून आम्ही एवढेंच विचारूं कीं, त्या जमिनीवरील मनुष्यांस कोणी पुसलें काय?

१९४७ सालीं कोणी पुसलें नाहीं. २०१५ च्या जुलैंत मात्र दोन्ही सरकारांचे अधिकारी मिळून घरोघर गेले व तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक होऊं इच्छितां असें विचारून लिहून घेतलें. भारतांतील तुकड्यांत चौदा हजारांवर लोक होते. त्यांपैकीं एकानेंही बांगला देशांत जाणें पत्करिलें नाहीं. पलीकडच्या तुकड्यांतील सदतीस हजारांपैकीं हजाराच्या आंत लोक भारतांत आले. बाकीचे आपल्या विहिरीपाशीं, आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपाशीं राहिले व बांगला देशाचे झाले. ज्यांनीं घर सोडलें त्यांस कित्येक वर्षें पत्र्याच्या छावण्यांत काढावीं लागलीं. तेव्हां सर्व कांहीं सुरळीत झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुसणें आणि न पुसणें यांत मोठें अंतर आहे.

शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवूं नये अशी आज्ञा अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे, आणि नीतिसूत्रांत याच गोष्टीच्या जोडीस पोरक्यांच्या शेतांचें नांव घेतलें आहे. दगड पूज्य म्हणून ही आज्ञा नव्हे. दगड हलला तर दुबळ्याची भाकर जाते म्हणून आहे. आरंभीं ज्या पहिल्या बंधूचें मत सांगितलें त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें. दुसऱ्या बंधूस आम्ही पौलाची आठवण देतों. आपलें नागरिकत्व स्वर्गांत आहे असें लिहिणाऱ्या त्याच प्रेषितानें, फटके मारण्यास बांधलें असतां, मी रोमी नागरिक आहें हें स्पष्ट सांगितलें. राज्याच्या कागदावर नांव असण्याची किंमत त्याला ठाऊक होती. छीटमहालांतील बापास ती आम्हांपेक्षां अधिक ठाऊक होती.

उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायांत याकोब व लाबान यांच्यामधील शिवेची गोष्ट आहे. दोघांचा एकमेकांवर विश्वास उरला नव्हता. त्यांनीं धोंड्यांची रास केली आणि वाईट करण्याच्या हेतूनें ही रास कोणी ओलांडूं नये असा करार केला. लाबानानें तिला आपल्या अरामी भाषेंत नांव दिलें, याकोबानें आपल्या भाषेंत गलेद म्हटलें. अर्थ दोहोंचा एकच, साक्षीची रास. तेथेंच बसून ते जेवले. आम्हांस ज्ञात असलेल्या शिवांच्या वर्णनांत हें सर्वांत खरें वाटतें. ती रास अपकारास अडविते, मनुष्यास अडवीत नाहीं; आणि दोघांच्या वचनाबाहेर तिला पावित्र्य नाहीं.

छीटमहालांचा प्रश्न मिटला तरी त्याच सरहद्दीवर दुसरी एक गोष्ट चालूच आहे. १९७५ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें रेघेपासून दीडशें यार्डांच्या आंत संरक्षणाचें बांधकाम करावयाचें नाहीं, म्हणून भारताचें तारेचें कुंपण बहुतेक ठिकाणीं रेघेच्या आंतल्या बाजूस उभें आहे. त्यामुळें कित्येक भारतीय शेतकऱ्यांचीं शेतें, आणि कांहींचीं घरेंही, कुंपणाच्या पलीकडे पडलीं आहेत. ते मतदार आहेत, त्यांचीं नांवें कागदावर आहेत. परंतु बाजारास, शाळेस व दवाखान्यास जावयाचें तर फाटक उघडण्याची वेळ पाहावी लागते. गांवकुसाबाहेर राहणें कसें असतें हें ज्यांच्या घरांत आजही कोणी म्हातारें मनुष्य सांगूं शकतें, त्यांस या लोकांची स्थिति निराळी समजावून सांगावयास नको. रात्रीं कोणी आजारी पडलें तर फाटकाच्या अलीकडे शिपाई आणि पलीकडे घरचीं माणसें, दोघेही एकाच देशाचे, कुलपाच्या दोन बाजूंस उभे असतात.