रिकामा वेळ कशाने भरावा?

हातातील फोन खाली ठेवणे कठीण का जाते? तो ठेवल्यावर हाती काय घ्यावे, हे आपणांस ठाऊक नसते म्हणून. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील ग्रामस्थांनी २०२२ साली ठरविले की, सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजताच दीड तास फोन व टीव्ही बंद ठेवावे. परंतु तो वेळ त्यांनी ओस सोडला नाही. अभ्यास, वाचन व परस्पर संभाषण यांस दिला. मर्म यातच आहे. केवळ निषेधाने मोकळे केलेले मन हे झाडून रिकामे ठेवलेल्या घरासारखे होय. जुना पाहुणा तेथे लवकरच परततो.

फोन स्वतः वाईट नव्हे. कामासाठी दूर गेलेल्या लेकराचा आवाज तोच घरी आणतो. पण जवळ बसलेल्या लेकराचा आवाज तो बुडवू लागला, तर दोष कोणाचा?

रानशेतकरांस भोंगा दूरचा वाटेल. तारपा दूरचा नाही. भोपळा व बांबू यांचे ते वाद्य वाजू लागले म्हणजे माणसे एकमेकांस धरून फेर धरतात. त्या हातांत फोनास जागाच उरत नाही. म्हणून वाचकहो, मुलास "फोन ठेव" म्हणण्यापूर्वी आपण त्याच्याजवळ जाऊन बसावे.