सही करण्याआधी

सातारा जिल्ह्यात फौजींच्या गोष्टींना तोटा नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलेलं आहे. बाकीच्या गावांतही संध्याकाळी पारावर चार पेन्शनर जमले की 1971 निघतं, कारगिल निघतं, श्रीलंकेतलं जंगल निघतं. आमचे तात्या तिथंच बसायचे, पण ऐकायला. 24 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. “तात्या, तुमचं सांगा की एखादं,” असा कुणी आग्रह केला तर म्हणायचे, “आमच्या वेळी काय झालंच न्हाई.” पोरं हसायची.

तात्या सिग्नल्समध्ये रेडिओ मेकॅनिक होते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची ही जुनीच अडचण आहे. वायरलेस सेट ऐन वेळी बोलला, ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही. तो दुरुस्त कुणी केला होता, हे विचारलं जातं ते फक्त बंद पडल्यावर. त्यामुळे ज्याचं काम चोख, त्याच्याजवळ सांगायला गोष्ट उरत नाही. तरी एक गोष्ट आहे, आणि ती तात्यांनी नव्हे, त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्या एकानं लग्नाच्या पंगतीत सांगितली.

ती सांगायची तर आधी ट्रेनिंगमधल्या उस्तादांचं सांगावं लागेल. तात्या दहावी होऊन भरती झाले तेव्हा सिग्नल म्हणजे रेल्वेचा, एवढंच घरच्यांना ठाऊक. फौजेतलं हे दल 1911 सालचं. त्याची दोन ट्रेनिंग सेंटरं, एक जबलपूरला आणि एक गोव्यात. तात्यांच्या वाट्याला जबलपूर आलं. आधी ड्रिल, मग ट्रेडचं शिक्षण. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात दोघा-दोघांत एक बंद सेट दिला आणि बिघाड शोधायला सांगितलं. रंगरूटांनी पेचकस काढले. तासाभरात टेबलांवर स्क्रू, पत्रे आणि वायरी यांचा बाजार मांडला गेला. उस्ताद मागे हात बांधून हिंडत होते. शेवटी त्यांनी एक सेट उचलला, बॅटरीच्या डब्याचं झाकण काढलं आणि टर्मिनलवर साठलेला हिरवा थर नखानं खरवडून दाखवला. “खोलने की इतनी जल्दी किसको थी?”

तात्यांनी सेट जोडला, मीटर लावून पाहिलं आणि उभे राहून सांगितलं, “उस्ताद, सेट ठीक है.”

“किसने बोला?”

“मीटर ने, उस्ताद.”

“लड़ाई पे मीटर जाएगा?”

त्या दिवशी उन्हात मैदानाच्या टोकापर्यंत सेट पाठीवर घेऊन पळत जायचं आणि तिथून बोलून दाखवायचं, असं झालं. आवाज आला, मगच जेवण. वर्गातल्या पुष्कळांनी ही शिक्षा समजली. तात्यांनी ती कामाची पद्धत म्हणून उचलली. दोघांत फरक एवढाच, की शिक्षा माणूस विसरतो.

पुढच्या बदल्या, बढत्या, महूचा कोर्स यांत ऐकण्याजोगं काही नाही. तात्या नायक झाले आणि एका हिवाळ्यात लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यात पोचले. 13 एप्रिल 1984 ला सियाचीनवर आपली फौज चढली, त्याला काही वर्षं झाली होती. वर बर्फात ठाणी होती आणि खाली, हिमनदीच्या पायथ्याकडे, त्यांचं सामान दुरुस्त करणारी माणसं. ठाण्यावरून सेट उतरायचे, दुरुस्त होऊन हेलिकॉप्टरनं परत वर जायचे. पाठीवरचा सेट तेव्हा ‘पंचवीस’ होता, म्हणजे मूळ अमेरिकी घाटाचा ए.एन.पी.आर.सी.-25. बॅटरीसकट दहा किलोच्या आसपास वजन. 30 ते 76 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 920 चॅनल. या लहरी सरळ रेषेत जातात. मधे डोंगराचा खांदा आला की संपलं. पण तिथं डोंगरापेक्षा थंडी जास्त छळायची. उणे वीस-तीसमध्ये बॅटरीतली रासायनिक क्रियाच मंदावते, म्हणून जवान जादाची बॅटरी पोटाशी घेऊन झोपत. गारठलेला सेट ऊबदार खोलीत आणला की त्याच्या आत दव धरतं, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हळूहळू तापू द्यायचा. उघड्या बोटांनी पत्र्याला हात लावायचा नाही, कातडी चिकटते. हे सगळं मेकॅनिक तिथं जाऊनच शिकतो.

एक सेट वरून परत परत यायचा. तक्रार एका ओळीची, ‘रात को आवाज़ जाती नहीं.’ वर्कशॉपमध्ये ठेवला की ठणठणीत. बोलतो, ऐकतो, मीटरचा काटा जागच्या जागी. दवाखान्याच्या दारात पोचताच दुखायची थांबते अशी दाढ असते, तसा हा बिघाड. आधीच्या लोकांनी ‘बिघाड आढळला नाही’ असं लिहून, खाली सही करून, सेट वर पाठवला होता. एकदा नव्हे, अनेकदा. वर्कशॉपमध्ये बोललं जाऊ लागलं की सेटमध्ये काही नाही, वरच्या ऑपरेटरला चालवता येत नाही. मला इथं एक सांगितलंच पाहिजे. सही करणारे ते लोक खोटारडे नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. फक्त ते बुखारीशेजारी, पेटत्या शेगडीच्या उबेत, बसून पाहिलं.

सेट तात्यांच्या टेबलावर आला तो संध्याकाळी. सकाळी हवामान उघडणार होतं, हेलिकॉप्टर जाणार होतं. सुभेदारसाहेब म्हणाले, “सेट ठीक है, सबने देखा है. टॅग लगाओ.” तात्यांनी सेट उघडलाच नाही. ते बराकीत गेले. त्याच ठाण्यावरून दोन दिवसांपूर्वी उतरलेला एक जवान तिथं पडून होता, ओठ फुटलेले, गाल काळे पडलेले. तात्यांनी त्याला विचारलं, “रात को सेट रखते कैसे हो?”

कुणी आजवर हे विचारलं नसावं, कारण तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “उस्ताद, रात को बुखारी बंद. तेल भी कम, गैस का भी डर. सेट बाहर पड़ा रहता है, हैंडसेट अंदर स्लीपिंग बैग में, कान के पास.”

रात्री लंगरमधल्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातल्या, एका पोराच्या हाती दुसरा सेट देऊन तात्यांनी वर्कशॉपबाहेर बर्फावर स्लीपिंग बॅग पसरली. बिघडलेला सेट उशाशी ठेवला, हँडसेट आत ओढून घेतला आणि चेन गळ्यापर्यंत लावून कुशीवर आडवे झाले. थोड्या थोड्या वेळानं लंगरला विचारायचं, “रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर.” उत्तर यायचं, “ओके, ओव्हर.” सुभेदारसाहेब फेरीवर आले तर त्यांचा मेकॅनिक बर्फात झोपून आपल्याशीच पुटपुटतोय. ते काही बोलले नाहीत. बहुधा काय बोलावं हे सुचलं नसेल.

मध्यरात्र उलटून गेल्यावर केव्हातरी उत्तर आलं नाही. तात्यांनी पुन्हा विचारलं. शांतता. मग लंगरमधलं पोर आपणहून बोलावू लागलं, “उस्ताद, बोलो. सुनाई दे रहा है? ओव्हर.” तात्यांना त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. ते स्विच दाबून उत्तर देत होते, आणि पोर पुन्हा तेच विचारत होतं. त्याचा आवाज घाबराघुबरा होत गेला. वर ठाण्यावर रात्री काय होत असेल ते तात्यांना तेव्हा कळलं. खालून विचारणा येते, आपण जिवंत असतो, ओरडून सांगत असतो, आणि खालच्यांच्या लेखी ठाणं गप्प असतं.

तात्यांनी हँडसेटच्या मानेपाशी केबल चिमटीत धरून सरळ केली. “ओके, ओके, ओव्हर!” वाकवली की बंद. आवरणाच्या आत एक तार तुटलेली होती. उबेत आवरण मऊ असतं, तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहतात. थंडीनं ते कडक झालं आणि वळलेलं राहिलं की टोकं सुटतात. टेबलावर केबल सरळ लोंबत असते, म्हणून तिथं ती कधीच सापडली नसती.

केबल बदलायला फारसा वेळ लागला नाही. पण बदलल्यावर तात्या सही करायला बसले नाहीत. पुन्हा बॅगेत जाऊन पडले, कुशीवर, केबल तशीच वाकवून, उजाडेपर्यंत. सकाळी बोटं वाकत नव्हती तेव्हा पेन मुठीत धरून सही केली. सुभेदारसाहेब म्हणाले, “एक केबल के पीछे पूरी रात?” पण हे बोलून झाल्यावर त्यांनी स्टोअरमधल्या सगळ्या केबली बाहेर गारठवून, वाकवून तपासायला लावल्या. त्यांत आणखी काही तशाच निघाल्या. पुढे वर्कशॉपच्या तक्रारवहीत दोन रकाने वाढले, ‘कब’ आणि ‘कैसे पकड़ा था’.

तो सेट वर गेला आणि तक्रार घेऊन पुन्हा खाली आला नाही. त्या हिवाळ्यात त्यावरून कुणी कुणाला काय सांगितलं, ते तात्यांना कधीच समजलं नाही. “काय झालंच न्हाई” म्हणजे हे. पंगतीत ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही तात्यांकडे पाहिलं, तर ते वाढप्याकडे जिलबी मागत होते.

तात्यांचा पुतण्या आता सिग्नल्समध्येच आहे. सुटीवर आला की सांगतो, नवे सेट स्वतःच स्वतःची तपासणी करतात, पडद्यावर लिहून येतं. तात्या कौतुकानं ऐकतात आणि विचारतात, “आणि रात्री कसं वाटतं ते पोरांना कोण विचारतं?” पुतण्या हसतो. त्याला अजून थंड मुलखात बदली मिळालेली नाही.

गावात तात्यांचा हात मिक्सर, पंखे, स्टार्टर यांवर फिरतो. गेल्या उन्हाळ्यात पाणीयोजनेची मोटर अधूनमधून बंद पडायची. वायरमन येऊन गेला, मोटर ठीक आहे म्हणाला. ग्रामपंचायतीनं तसं लिहूनही घेतलं. बायका म्हणत होत्या, संध्याकाळी पाणी येत नाही. सभेत त्यांना सांगितलं गेलं, मोटर तपासलीय, तुम्ही नळ सोडून ठेवता. तात्या उठले आणि त्यांतल्या एका वहिनींना त्यांनी विचारलं, “नेमकं किती वाजता, वहिनी?” त्या म्हणाल्या, “शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की.”

वायरमन दुपारी बाराला आला होता. तात्या संध्याकाळी मीटर घेऊन विहिरीवर जाऊन बसले. शेतीपंप सुरू झाले तसा विजेचा दाब उतरत गेला, आणि एका क्षणी स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल सुटून मोटर खटकन थांबली. मोटर खरंच ठीक होती. त्या वेळेला वीजच पुरत नव्हती. तात्यांनी वेळ आणि व्होल्टेज कागदावर लिहून ग्रामसेवकाच्या हातात दिलं आणि खाली सही केली.

आता टाकी पहाटे भरतात, पाणी येतं. नव्या डीपीसाठीचा अर्ज त्या कागदासह वर गेलेला आहे आणि अजून मंजूर व्हायचा आहे.