चालतंय, मग हात कशाला लावायचा?



शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. २०२३ साली ती एप्रिलात आली. आमच्या एका गुरुबंधूने फोनात ती तारीख घालून 'दरवर्षी' असं दाबून ठेवलं. पुढच्या वर्षी फोन एप्रिलातच वाजला, जत्रा होती १२ मे रोजी! मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता. फोन बिघडला नव्हता. सांगितलं तेच त्याने इमानाने केलं.

यावरून सत्संगात विषय निघाला. चालणाऱ्या ॲपला सारखं अपडेट कशाला, असं आपण सगळेच कुरकुरतो. घराची शाकारणी आपण न सांगता करतो, कारण कौल फुटलेलं दिसतं. सॉफ्टवेअरात काही फुटत नाही, कुजत नाही. ते होतं तसंच राहतं आणि भोवतालचं जग सरकतं. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्या दुकानातलं बिलाचं सॉफ्टवेअर कोणी बदललं नाही, ते आदल्या दिवशी खरं बोलत होतं, दुसऱ्या दिवशी तेच आकडे गिऱ्हाइकाला लुबाडू लागले. न बदलणं म्हणजे निष्ठा, असं आपण मानतो. पण धोंडांचं व्रत पंचमीशी बांधलेलं आहे, इंग्रजी तारखेशी नाही. ती पंचमी कधी पडते हे दरवर्षी कोणीतरी नव्याने गणित करून पंचांगात मांडतं, म्हणून आपलं व्रत वेळेवर होतं. त्या माणसाची आठवण आपल्याला होते का? चुकलं तरच होते.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. व्हॉट्सॲप २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या फोनांवर चालत नाही. जुन्या फोनांचा भार किती वर्षं वाहायचा, हा बनवणाऱ्यांचा प्रश्न खराच आहे. पण असे फोन बहुतेक कोणाकडे असतात? मुलाने नवा घेतला की जुना आजीला. आजी गप्प झाली तर ग्रुपात कोणाच्या लक्षातही येत नाही, उलट आपण म्हणतो, हल्ली ती वाचत नाही. हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, आपला.

रविवारी येताना घरातल्या थोरांचे फोन घेऊन या. मुलं बसून बघतील. ज्यावर निरोप पोचत नसेल, त्यांच्यासाठी या अंकाच्या छापील प्रती काढून ठेवल्या आहेत.