खुराड्याची मागची बाजू

गोराईत खाडीच्या अंगाला एका म्हातारीचं घर होतं. परसात चार माड, एक जुना ताड आणि कुंपणापलीकडे थेट तिवरांचं रान. तिच्या गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडायच्या आणि तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरायच्या. शनिवार-रविवारी होडीने खाडी ओलांडून येणाऱ्या पर्यटकांना नातू बॉटल मसाल्यातलं कोंबडीचं जेवण घालायचा. धंदा बरा चालला होता.

नाताळानंतरचा तीन राजांचा सण तोंडावर आला आणि एका सकाळी खुराड्याची जाळी फाटलेली दिसली. चार कोंबड्या गेल्या होत्या. जमिनीवर रक्त फारसं नव्हतं, पण पिसांची रांग कुंपणाखालून तिवरांत गेली होती.

म्हातारीने वाकून पाहिलं. "मुंगूस असतं तर दिवसा आलं असतं. उदमांजराने मान तोडून इथेच टाकली असती. अख्खी उचलून नेली म्हणजे कोल्हा, नाहीतर कुत्रा."

नातवाने बोरिवलीहून षटकोनी भोकांची नवी कोंबडीजाळी आणली आणि दाराला जाड कुलूप ठोकलं. ही जाळी कोंबडीला आत ठेवायची, कोल्ह्याला बाहेर ठेवायची नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाही. तरी या खेपेला जाळी फाटलीच नाही. आठवड्याभरात कोल्ह्याने रेताड माती उकरली आणि तो खालून आत शिरला. कुलूप शाबूत होतं, कोंबड्या तीन कमी.

"मासळीत विष घालून ठेवतो," नातू चिडून म्हणाला.

"ठेव. आधी शेजारची मांजर मरेल, मग तिला टोचणारी घार. कोल्हा मारणं गुन्हाय, वन्यजीवांचा कायदा आहे. जेवण कोण घालणार मग पर्यटकांना, पोलीस?"

आपल्याकडे गोष्टींनी कोल्ह्याला लबाड ठरवून ठेवलंय. गोराई-चारकोपच्या तिवरांतला कोल्हा बिचारा खेकडे, उंदीर, मेलेली मासळी यांवर जगतो. माणसाच्या दारात तो उगाच येत नाही.

म्हातारीने मग एवढंच विचारलं, "तू आतडी, पिसं, मुंडकी कुठे टाकतोस रे?"

नातू गप्प. रविवारी रात्री तो सगळी बादली कुंपणावरून तिवरांत रिकामी करायचा, खुराड्याच्या बरोबर मागे. तिवरांत कचरा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये मनाई केली आहे, ही गोष्ट वेगळीच.

"दर रविवारी पान मांडलंस त्याचं. एका रविवारी पान चुकलं असेल, म्हणून तो आत बघायला आला."

त्या दिवशी आधी खड्डा खणला गेला, कमरेएवढा. बादली त्यात रिकामी करायची, वर चुना आणि हातभर माती. खुराडं त्यानंतर. म्हातारीने ते घराच्या भिंतीला आणून लावलं, विटांच्या चौथऱ्यावर. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची वेल्डमेश. तिची खालची कड फूटभर जमिनीत पुरली आणि बाहेरच्या बाजूला फूटभर वळवली. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, त्याच्या नखांना जाळी लागते आणि मागे सरकून लांबून उकरायचं त्याला सुचत नाही. छपराखाली वाऱ्यासाठी फट ठेवली, तिलाही जाळी. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. आत बसायला आडवे दांडे. पिल्लांसाठी दिवसा डालगं, कारण घारीला कुंपण नसतं.

अंधार पडायच्या आत कड्या लावायचं काम नातवाकडे आलं. गिऱ्हाईक ताटावर असलं तरी तो उठून जातो. कोल्हेकुई अजून रोज ऐकू येते, पण त्यानंतर खुराड्यातून एकही कोंबडी गेलेली नाही.

शेजाऱ्याला हे खुराडं फार आवडलं. त्याने मापं घेतली, तसलीच महागाची जाळी आणली, हुबेहूब तसंच बांधून घेतलं. खड्डा मात्र राहून गेला. त्याची बादली आजही तिवरांतच रिकामी होते. परवा संध्याकाळी कड्या लावायला त्याला थोडा उशीर झाला, तर दोन तलंगा गेल्या.