नोंदीपलीकडचा इतिहास

2 सप्टेंबर 2025 रोजी मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून आपल्या बीड जिल्ह्यात इतिहास म्हणजे पूर्वजांची नोंद, एवढेच उरले आहे. हक्कासाठी नोंद शोधणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण सामाजिक न्यायाचा इतिहास तिथेच संपतो असे समजून फुल्यांचे नाव पुढे केले जाते, ते मला सहन होत नाही.

‘गुलामगिरी’, सत्यशोधक समाज, शाहू महाराज, बाबासाहेब हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. थांबायला हवे ते गेल ऑम्व्हेट यांच्यापाशी. अमेरिकेत 1941 साली जन्मलेल्या या बाईंनी बर्कलीच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला तो 1873 ते 1930 या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. त्याचा ग्रंथ 1976 साली निघाला. ब्राह्मण विरुद्ध ब्राह्मणेतर भांडणाची कैफियत म्हणून तो वाचला जातो आणि गफलत होते ती इथेच. बाईंनी त्या चळवळीतले दोन प्रवाह वेगळे काढून दाखवले. एक नोकऱ्या आणि कौन्सिलातल्या जागा मागणाऱ्या वरच्या थराचा. दुसरा खेड्यापाड्यातला, जलशांतून भटजी-सावकाराला जाब विचारणारा. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ काढत होते, ते या दुसऱ्या प्रवाहातले. त्यांना कुळाची थोरवी सिद्ध करायची नव्हती. राबतो कोण आणि खातो कोण, हे विचारायचे होते.

बाईंनी तो प्रश्न ग्रंथात मिटून ठेवला नाही. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, 1983 साली भारताच्या नागरिक झाल्या, कष्टकरी बायकांच्या लढ्यांवर लिहीत राहिल्या. त्याच भागात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभे केले आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मिळावा असा आग्रह धरला. फुल्यांचा बळीराजा कुणा एका जातीचा पूर्वज न राहता पाण्याच्या हिश्शात उतरला. माझ्या मते खरे वळण हेच आहे.

आणि त्याच पश्चिम महाराष्ट्राच्या उसावर बीडची माणसे दरवर्षी जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. वहीत नाव बहुधा नवऱ्याचेच. बाई पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवते. खाडा पडला की पैसे कापले जातात. खाडे नकोत म्हणून कितीजणींनी गर्भाशय काढून टाकले, याची चौकशी सरकारला 2019 साली करावी लागली.

मांजरसुंबा, पाटोदा, केज भागातल्या शिकलेल्या पोरांनो, निजामाच्या दफ्तरातली नोंद जरूर शोधा. पण घरातल्या जुन्या उचलीच्या चिठ्ठ्या, मुकादमाच्या वह्या रद्दीत घालू नका. आई-आजीला समोर बसवून कोणत्या साली कोणत्या कारखान्यावर किती उचल होती, ते तिच्या नावानिशी लिहून घ्या.