न ऐकणाऱ्यांची मैफल

‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे जॅझ पियानोचे दोन नावाजलेले आल्बम एकाच दिवशी ध्वनिमुद्रित झाले. रविवार, २५ जून १९६१. जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली, सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या तळघरातला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपारी दोन बैठकी, रात्री तीन. रिव्हरसाइड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यंत्रसामग्री घेऊन हजर होते. आणि श्रोते? श्रोते गप्पा मारत होते.

ही सांगोवांगी नाही, रेकॉर्डवरच ऐकू येतं. ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी मोकळं हसणं, वाजवणं संपल्यावर उरकल्यासारख्या विरळ टाळ्या. ‘माय फूलिश हार्ट’सारखी हळुवार चीजसुद्धा या गलबल्यातूनच वाट काढते. इकडे जगभरचे जॅझप्रेमी साठ वर्षं हेच आल्बम दिवे मालवून ऐकत आले आहेत. म्हणजे जे हजर होते त्यांनी धड ऐकलं नाही, आणि जे जीव ओतून ऐकतात ते हजर नव्हते. मग ती मैफल नेमकी झाली कुठे?

भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीबद्दल आहे. सिद्धी दोन प्रकारची. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या स्मितातून, हास्यातून, ‘साधु साधु’च्या उद्गारांतून, अंगावरच्या रोमांचांतून ओळखायची. दैवी सिद्धी त्याच्या वरची: प्रेक्षागृह गच्च भरलेलं, पण आवाज नाही, गडबड नाही, क्षोभ नाही. या मोजपट्टीने त्या रविवारचा निकाल उघड आहे. दैवीत सरळ नापास, मानुषीत कसेबसे काठावर.

नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी तर रसाचा पत्ता प्रेक्षकाच्या अंतःकरणातच दिला. रस चाखतो तो सहृदय. नट हे त्याचं साधन. मद्याची चव काही प्याल्याला कळत नाही, असा त्यांचा दाखला. (शैव आचार्यांच्या तोंडी मद्याचा दाखला ऐकून आज काहींना अवघडल्यासारखं होईल, त्यांना मुळीच झालं नव्हतं.) हे जसंच्या तसं मानलं, तर व्हॅनगार्डमध्ये प्याले भरपूर होते आणि चाखणारा जवळपास कुणी नव्हता.

इथे मात्र सिद्धांत अडखळतो. नटाच्या हाती संहिता असते. जॅझच्या त्रिकुटाजवळ गाण्याची चाल आणि स्वरसंगतींचा आराखडा एवढंच भांडवल; बाकी सगळं तिथल्या तिथे. आपला पुढचा स्वर ठरवायला आधी शेजाऱ्याचा ऐकावा लागतो. बासवाल्याचं रूढ काम म्हणजे एकेक मात्रा चालत राहून पाया धरून ठेवायचा. लाफारोने ते बरंचसं झुगारलं. वरच्या स्वरांत जाऊन तो पियानोच्या वाक्याला उत्तर देतो, मध्येच गप्प बसतो, पुन्हा भलत्याच जागी उगवतो. हे रान त्याला मोकळं मिळालं, कारण इव्हान्स डाव्या हाताच्या स्वरसमूहातून आधारस्वर बहुतेकदा गाळूनच टाकी. मोशनचाही जोर ठेका धरण्यापेक्षा ब्रशांनी रंग भरण्यावर. तिघांपैकी एकाचं जरी लक्ष उडालं असतं तरी हे वादन कोसळलं असतं. तेव्हा त्या खोलीत सहृदय नव्हते असं म्हणता येत नाही. तिघे होते, आणि तिघेही वाजवत होते.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या तोंडाशी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. इव्हान्सने ते मागितलंच नाही. डोकं पट्ट्यांवर टेकेल इतका वाकून तो वाजवी. त्यात श्रोत्यांबद्दलची बेपर्वाई शोधणारे आहेत. ते पटत नाही. अवधान तिथे दिलं-घेतलं जातच होतं, फक्त त्याचा व्यवहार रंगमंचाच्या आतल्या आत चालला होता. रेकॉर्ड लावणारा आज ऐकतो ते या तिघांचं एकमेकांना ऐकणं.

आता दुसरी बाजू. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. इव्हान्सने पुढे कित्येक महिने वाजवणं जवळजवळ सोडलं. पहिल्या आल्बमसाठी त्याने आणि कीपन्यूज यांनी लाफारो उठून दिसेल अशी वादनं निवडली: सुरुवात त्याने रचलेल्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने, शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने. श्रद्धांजली घडली ती निवडीच्या टेबलावर. वाजवताना तिघांना कशाचीच चाहूल नव्हती. ‘माइलस्टोन्स’मधला लाफारो ऐकावा, निरोप वगैरे काही नाही, नुसती मस्ती आहे. तरी चाहत्यांना स्वरास्वरांत मृत्यूची सावली दिसते. ही करुणा फितीवर नाही, ती ऐकणारा घरून घेऊन येतो. इथे अभिनवगुप्तांचं म्हणणं पुरतं खरं ठरतं. अडचण एवढीच, की ही करुणा एकदा शिरली की खोडकरपणा ऐकू येईनासा होतो, आणि या वादनात खोडकरपणा भरपूर आहे.

तिथल्या तिथे सुचेल ते वाजवण्याच्या या प्रश्नावर इव्हान्सने स्वतःही लिहिलं होतं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) या आल्बमसाठी केलेल्या टिपणात त्याने जॅझच्या उत्स्फूर्ततेला जपानी चित्रकलेचा दृष्टान्त दिला: पातळ ताणलेला पृष्ठभाग, काळी शाई, कुंचला थबकला की रेघ बिघडते किंवा कागद फाटतो, खाडाखोड नाही. दृष्टान्त सुंदर आहे, पण व्हॅनगार्डच्या फिती त्याला जरा छेद देतात. ‘ऑल ऑफ यू’ त्या दिवशी तीनदा वाजलं. म्हणजे खाडाखोड नव्हती, पण कागद बदलायला मिळत होता, आणि कोणता कागद जगाला दाखवायचा हे नंतर निवांत ठरवता येत होतं.

२००५ मध्ये निघालेल्या तीन सीडींच्या संचात त्या दिवसाची वादनं एकत्र मिळतात. पहिलंच ‘ग्लोरियाज स्टेप’ वीज गेल्यामुळे मध्ये तुटतं, तेही तसंच ठेवलं आहे. नव्या श्रोत्याने सुरुवात तिथून करावी. ‘माय फूलिश हार्ट’ मागाहून. आणि पहिल्या खेपेला पियानोचा नाद सोडून कान बासकडे लावावा.