कुपोषणाच्या आड दडलेला आजार

गरिबीचा एक अन्याय सहसा कुणी मोजत नाही: ती प्रत्येक आजाराला तयार कारण पुरवते. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचे मूल वारंवार आजारी पडले, की कुपोषण, दूषित पाणी, आईबापांबरोबर मजुरीसाठी झालेले स्थलांतर ही कारणे हाताशीच असतात. बहुतेक वेळा ती खरीही असतात. पण क्वचित कधी मूळ कारण जनुकांत असते, आणि उत्तर आधीच मिळाल्यामुळे तिथवर कुणी पोहोचत नाही.

अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया हा असा एक दुर्मिळ आजार. मूल चालू लागते, पण त्याचा तोल सावरत नाही. पुढे काही वर्षांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात तांबड्या शिरा दिसू लागतात. अनेकांना न्यूमोनिया पुन्हा पुन्हा गाठतो. दोष 11व्या गुणसूत्रावरच्या एटीएम जनुकात असतो. योसेफ शिलो यांच्या गटाने 1995 मध्ये तो शोधला. याच जातीच्या निमेगेन ब्रेकेज सिंड्रोमचे वर्णन नेदरलँड्समध्ये 1981 साली झाले. त्यात विशीच्या आत सुमारे 40 टक्के रुग्णांना कर्करोग होतो, बहुधा लिम्फोमा.

प्रतिकारशक्ती आणि कर्करोग एकाच धाग्यात का यावेत? असंख्य जंतू ओळखता यावेत म्हणून लिम्फोसाइट पेशी स्वतःचाच डीएनए ठरावीक जागी तोडतात आणि तुकडे नव्या रीतीने जोडतात. या उलगड्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना 1987 मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे आपले संरक्षण तुटलेले नीट सांधण्यावर उभे आहे. एटीएमसारख्या जनुकातल्या दोषाने ही सांधणारी यंत्रणाच अधू असली, तर पुरेशा पेशी घडत नाहीत आणि संसर्ग बळावतो. भलतेच तुकडे एकमेकांना जुळले, विशेषतः 7व्या आणि 14व्या गुणसूत्रांवरचे, तर त्यातून रक्ताचा कर्करोग उद्भवू शकतो.

मूळ आजारावर औषध नाही, मग नाव कळून काय उपयोग, असे कुणी विचारेल. उपयोग फार मोठा आहे. किरणोत्सर्गही डीएनए तोडतो; म्हणून कर्करोगासाठी नेहमीच्या मात्रेत दिलेले रेडिएशन या मुलांच्या जिवावर बेतू शकते. एक्स-रे आणि सीटी स्कॅन अत्यावश्यक असतील तेव्हाच करायचे असतात, किमोथेरपीची मात्रा जपून ठरवायची असते. अँटिबॉडी कमी असतील, तर इम्युनोग्लोब्युलिनने संसर्ग आटोक्यात ठेवता येतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता 25 टक्के असते. शिवाय एटीएम दोषाच्या वाहक स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. एका मुलाचे निदान घरातल्या अनेकांना सावध करते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. 1957 मध्ये रक्तगटांच्या कामापासून सुरू झालेली ही संस्था आज जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान करते. पेठहून परळ दोनशे किलोमीटरहून दूर. पण पहिली पायरी तिथे नाही. साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट कमी दिसू शकतात, आणि अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशियाच्या बहुतेक मुलांत अल्फा-फीटोप्रोटीन वाढलेले असते.

डॉक्टरच अपुरे असताना दुर्मिळाच्या मागे का लागावे, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण सिकलसेलने दाखवून दिले आहे, की आनुवंशिक आजाराची तपासणी आदिवासी गावापर्यंत नेता येते. 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानच चालू आहे. इथे तर सर्वांची तपासणीही नको, चार प्रश्न हवेत: न्यूमोनिया कितव्यांदा? चाल डळमळते का? डोके वयाच्या मानाने लहान आहे का? आधीचे भावंड लहानपणीच गेले का? अंगणवाडीत येणारे बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आणि आशाताई हे विचारू शकतात, आणि त्यातून क्षयासारखे नेहमीचे आजारही हाती लागतील.

शहरातल्या मुलाचा आजार समजून घेतला जातो, पाड्यावरच्या मुलाचा आजार त्याच्या गरिबीच्या खात्यावर टाकला जातो. आरोग्यातली समता औषधांच्या वाटपापाशी संपत नाही. शंका घेण्यातही ती हवी. पोषण आहाराने वजन वाढले आणि तरीही न्यूमोनिया परतला, तर त्या मुलाला पुन्हा तेच पाकीट देऊन घरी पाठवू नये. चिठ्ठी लिहून नाशिकला सिव्हिलमध्ये पाठवावे, आणि कशाची शंका आहे तेही त्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.